अतसी नावाची एकटीच

अतसी,

रविवारी बारसं आहे. रेवतीला मुलगीच झाली, तुला हवी होती तशी. वजन चांगलं आहे. नाक तुझ्यावर गेलंय आणि रडणं माझ्या आईवर. तू गेलीस त्याला अजून दोन महिनेही झाले नाहीत. बाहेरच्या खोलीत हार घातलेला तुझा फोटो, आतल्या खोलीत बाळंतिणीची शेगडी, धुरी आणि डिंकाचे लाडू. येणाऱ्या माणसाला कळत नाही की आधी डोळे पुसावेत की आधी पेढा मागावा. परवा वॉर्डात तुझ्याबरोबर ड्यूटीला असायची ती आयाबाई आली होती. दारातच रडली, आत जाऊन बाळाला टोपडं घातलं, हसली, आणि चपला घालताना पुन्हा रडली. मी चहा केला होता. साखर भलतीच पडली होती, बिचारी अर्धा कप तसाच ठेवून गेली.

मुद्दा बारशाचा आहे. काल रेवती म्हणाली, "बाबा, हिला आईचं नाव ठेवूया का? आईला चाललं असतं?" मी म्हणालो, दूध उतू जातंय बहुतेक, आणि स्वयंपाकघरात निघून गेलो. गॅसवर दूध नव्हतंच. पण तिला रविवारच्या आत उत्तर पाहिजे. तिची नणंद येणार आहे, बाळाची आत्या. पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात कुर्र करून काय सांगायचं, ते तिला आधी माहीत नको का? आणि नेमक्या याच गोष्टीवर तू आणि मी उभा जन्म भांडलो, आणि भांडण अर्ध्यात टाकून तू निघून गेलीस. म्हणून तुलाच लिहितोय. दुसऱ्या कुणाला विचारू?

तुला बघायला आलो होतो तेव्हाची गोष्ट तू फोडणी देऊन सांगायचीस. मी आहे तशी सांगतो. तुझे वडील वैजापूरच्या मोंढ्यात एका अडत्याकडं दिवाणजी होते, त्यामुळं तुमच्या बैठकीत सुद्धा भिंतीला धान्याच्या नमुन्याच्या पिशव्या. त्यांच्यामध्ये आम्ही पोह्यांच्या बशा धरून बसलेलो. माझ्या मामांनी नाव विचारलं, तू सांगितलंस. मामा म्हणाले, "हे कसलं नाव? अर्थ काय त्याचा?"

"जवसाचं फूल."

"मग सरळ जवस ठेवायचं की."

तू मान वर केलीस आणि म्हणालीस, "आमच्याकडं चटणीला जवस म्हणतात, पोरीला अतसी."

तुझ्या आईचा चेहरा असा पडला, की तिच्या मते हे स्थळ तिथंच गेलं. तुझ्या वडिलांनी सावरून घेतलं. म्हणाले, ही झाली तेव्हा पौष होता, गव्हाच्या कडेनं जवस फुलला होता, सगळा बांध निळा. त्यांना जवसाचं पुस्तकातलं नाव पाहिजे होतं, ते गावातल्या गुरुजींनी सांगितलं. देवाच्या अंगाची निळाई सांगायची झाली की जुन्या स्तोत्रांतून याच फुलाचा दाखला देतात, असंही म्हणाले. मामांना स्तोत्राचं काही कळलं नाही. परतीच्या गाडीत ते एवढंच म्हणाले, "पोरगी तोंडाळ आहे." मी म्हणालो, "मला चालेल."

आणि मग ते ताटातले तांदूळ. यावर तुझं माझं कधीच जमलं नाही. लक्ष्मीपूजनाला नवरदेवानं ताटातल्या तांदळात अंगठीनं बायकोचं सासरचं नाव लिहायचं, मग पेढे वाटून ते सगळ्यांना सांगायचं. आईनं सुनंदा ठरवून ठेवलं होतं. तिला कुणीतरी सांगितलं होतं की जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपार व्हायच्या आत पाकळ्या टाकून देतं. तेव्हापासून तिचं एकच चाललं होतं, "आसलं आर्ध्या दिसाचं नाव आपल्या घरात नगं." मी अंगठी घेऊन बसलो आणि लिहिलं, अतसी. आई म्हणाली, "आरं, सुनंदा." मी म्हणालो, लिहून झालं. ती म्हणाली, पूस आणि परत लिही. मी म्हणालो, तांदळातलं एकदा लिहिलेलं पुसत नसतात. हे शास्त्र मी तिथल्या तिथं बनवलं होतं. पूजेच्या गुरुजींना भूक लागली होती, त्यांनी होकार भरला, आणि तू अतसीच राहिलीस.

पुढं प्रत्येक हळदीकुंकवाला तू बायकांना सांगायचीस, "यांना ऐन वेळी सुनंदा आठवलंच नाही. जे डोक्यात होतं ते लिहून मोकळे झाले." मी म्हणायचो, मुद्दाम लिहिलं. तू म्हणायचीस, "व्हय तर." ते तुझं 'व्हय तर' ऐकून बायका पदर तोंडाला लावायच्या. आपल्या शहराचं नाव बदललं तेव्हा सुद्धा तू सोडलं नाहीस. पेपर खाली ठेवून म्हणालीस, "बघा, एवढ्या मोठ्या गावाला नवीन नाव मिळालं. मला साधं सुनंदा होता आलं नाही, तुमच्या विसरभोळेपणापायी."

आता ऐक. सुनंदा मला चांगलं आठवत होतं. आईनं सकाळपासून माझ्याकडून घोकून घेतलं होतं. पण ज्या पोरीनं माझ्या मामांसमोर मान वर करून आपलं नाव राखलं, तिचं नाव मी कसं पुसायचं? माझा हातच धजावला नाही. मुद्दाम केलं एवढंच मी सांगत आलो, का केलं ते कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू त्याचीही थट्टा केली असतीस, आणि मला ती सोसली नसती. आज तू थट्टा करणार नाहीस, हे काही बरं झालेलं नाही.

आपली पहिली पोर आली आणि दुसऱ्या दिवशी गेली. बारसं व्हायच्या आधी गेलेल्या लेकराला नाव नसतं. आपण तिच्याबद्दल बोलायचो तेव्हा 'ती' म्हणायचो, दोघांना कळायचं. त्या दिवशी आई दाराशी बसून एकदाच म्हणाली, "नावातच व्हतं तसं झालं." आई वाईट नव्हती, हे तूच मला नंतर सांगायचीस. शेवटच्या आजारात तिचं सगळं तू केलंस, कुरकुर न करता. पण ते वाक्य तू कुठंतरी ठेवून दिलंस, आणि पुन्हा कधी बाहेर काढलं नाहीस. मी काढायला गेलो की म्हणायचीस, "मी नर्स आहे. पोर कशानं गेली ते मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. दिवस भरले नव्हते तिचे. नावाचा काही संबंध नाही." आणि मग थोड्या वेळानं, भाजी निवडता निवडता, "पण मनाला कोण सांगणार?"

त्या मनाची गोष्ट मला तुझ्या वॉर्डात कळली. सुटी झाली की मी न्यायला यायचो, जिन्याखाली स्कूटर लावून वर डोकवायचो. तू एखादीच्या उशाशी उभी. बायका तुला नावं विचारायच्या. तुझ्या हातानं झालेली लेकरं, त्यांना वाटायचं नावही तूच द्यावं. आणि तू फुलांशिवाय दुसरं बोलायची नाहीस. कुणाला केतकी, कुणाला अबोली, कुणाला बकुळा. एकदा बुढी लेनकडची एक पोरगी, स्वतःच लेकरासारखी, तुझा हात धरून म्हणत होती, "सिस्टर, मेरी बच्ची का नाम तुमीच रखो ना." तू म्हणालीस, "नर्गिस रखो. घर में सब को बोलने आता." तिच्या सासूनं तुझी दृष्ट काढली. भीमनगरची एक बाई आपल्या शेवंतीला घेऊन पुढं कितीतरी वर्षं भेटायला यायची. या शहरात तुझ्या फुलांच्या किती पोरी हिंडतायत, देव जाणे. सगळ्या फुलांची नावं तू वाटून टाकलीस. तुझं तेवढं कुणाला दिलं नाहीस.

मी विचारलं होतं ना. स्कूटरवर, क्रांती चौकाच्या सिग्नलला. म्हणालो, "तुझं नाव का नाही सुचवत कुणाला? केवढं सुंदर आहे." सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले. पार गारखेडा आलं तेव्हा म्हणालीस, "दुसऱ्याच्या पोरीवर कशाला?" त्या दिवशी मी जेवलो नाही. तुला वाटलं आमटी खारट झाली.

रेवती झाली तेव्हा माझी बहीण नाव ठेवायला आली होती, तिच्या मनात जुई होतं. तू म्हणालीस, "फूल नको. नक्षत्राचं ठेवा. नक्षत्र गळत नाही." बहिणीला वाटलं, तुझा पंचांगावर विश्वास बसला. मला ठाऊक होतं काय ते. मी काही बोललो नाही, कारण तेव्हा रेवती सव्वा महिन्याची होती आणि तू अजून तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायचीस.

पण नंतर मी बोलत राहिलो. माझं म्हणणं साधं होतं. नाव आईनं त्या वाक्यानं तोडलं, निदान नातीला देऊन जोडू. दुसरी एक अतसी मोठी होऊ दे, शाळेत जाऊ दे, दुपारी घरी येऊ दे, संध्याकाळी खेळू दे, म्हातारी होऊ दे. म्हणजे ते वाक्य खोटं ठरेल आणि तू त्यातून सुटशील. तू म्हणायचीस, "आणि नाही ठरलं खोटं तर?" मग मी चिडायचो, तू भांडी जोरात ठेवायचीस, आणि भांडण पुढच्या खेपेपर्यंत माळ्यावर जायचं.

दुसरी अतसी मी शोधायचोही. गंमत म्हणून सुरू झालं होतं. लग्नपत्रिका आली की आधी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणाऱ्या लेकरांची नावं वाचायचो. रेवतीनं मोबाइलवर मुलींच्या नावांच्या याद्या दाखवल्या, कुठलं नाव किती जणांना आवडलं ते तिथं लिहिलेलं असतं. अन्वी, आर्या, मायरा वर. अतसी कुठंतरी तळाला, पुढं अर्थ लिहिलेला, 'निळे फूल'. कसलं निळं फूल, तेही नाही. तू चष्मा वर करून बघितलंस आणि म्हणालीस, "बरंच झालं, गर्दी नाही." पण ती यादी तू मला परत खाली-वर करायला लावलीस, ते माझ्या लक्षात आहे.

आणि ते फूल. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मी जवसाचं फूल उमललेलं बघितलं नव्हतं, चटणी तेवढी रोज खायचो. एका पौषात तू हट्ट धरलास, वैजापूरला जाऊ, सकाळी लवकर पोचू. निघालोही अंधारात. लासूरच्या पुढं स्कूटर पंक्चर. पंक्चरवाला अजून उठायचा होता. तो उठला, त्यानं तोंड धुतलं, चहा प्याला, आपल्यालाही पाजला. बांधावर पोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. खाली बघितलं तर मातीवर निळ्या पाकळ्या सांडलेल्या, वर नुसत्या हिरव्या काड्या. मला इतकं वाईट वाटलं. तू हसायला लागलीस. खाली बसून पाकळ्या ओंजळीत घेतल्यास आणि म्हणालीस, "अहो, रडताय काय. उद्या सकाळी याच झाडाला नवी येतात. रोज येतात महिनाभर. तुमच्या आईला एवढंच कुणी सांगितलं नाही." मी म्हणालो, मग तू का घाबरतेस? तू पाकळ्या टाकून दिल्यास, हात झटकलेस. पुढच्या वर्षी मुक्कामाला येऊ असं ठरलं. मग पुढच्या वर्षी काहीतरी निघालं, त्याच्या पुढच्या वर्षी तुझे गुडघे. आता त्या शिवारात जवस कुणी पेरत नाही म्हणे, सगळीकडं कांदा आणि कपाशी.

आपलं शेवटचं बोलणं तुला आठवतं का? पुंडलिकनगरच्या आपल्या गच्चीवर, ऊन खात, तू तुरीच्या शेंगा सोलत होतीस. रेवतीला नववा लागला होता. मी परत सुरू केलं, मुलगी झाली तर तुझं नाव. तू चिडली नाहीस या वेळी. म्हणालीस, "पोरीला असं नाव द्या की वर्गात चारजणी निघतील. बाईंनी हाक मारली की चौघी उठतील. जिवाला सोबत असते हो. मी सगळ्या जन्मात एकटीच उठत आले." मी म्हणालो, "चौघींतली आपली कुठली, ते कसं कळणार?" तू माझ्याकडं बघितलंस. काहीतरी म्हणणार होतीस. मग म्हणालीस, "उद्या बोलू. शेंगा संपू द्या." उद्या मी विसरलो, परवा पाहुणे आले, आणि त्या आठवड्यातच तुला झटका आला. आयसीयूत नळ्या होत्या तोंडात. ज्या दवाखान्यांत तू आयुष्य काढलंस, तिथं तुला अशी पडलेली बघून मला राग आला. कुणाचा ते अजून कळलेलं नाही. तू काय म्हणणार होतीस गं?

इथवर रात्री लिहून ठेवलं होतं. आता आज सकाळचं सांगतो. मालिश करणारी बाई आली होती, रेवतीला न्हाऊ घालायला आत गेली. बाळ माझ्या मांडीवर, गॅलरीत कोवळं ऊन होतं. पोर जागी होती, छताकडं बघत होती. मी ठरवलं, एकदा हाक मारून बघू, शोभतं का. इकडंतिकडं बघितलं आणि म्हणालो, "अतसी."

पोरीनं जांभई दिली. आणि मी मान वळवून स्वयंपाकघराकडं बघत बसलो.

तू पहिल्या हाकेला कधी आली नाहीस. म्हणून मी थांबलो, आणि सवयीनं दुसरी मारली, थोडी मोठ्यानं. "अतसी, अगं अतसी." आता तू म्हणशील, 'काय हो, पाच मिनिटं दम धरवत नाही का', आणि पदराला हात पुसत येशील. अगदी खरं सांगतो, मांडीवर लेकरू आहे हे मी विसरलो होतो. दारात रेवती उभी होती, ओले केस टॉवेलात गुंडाळलेले. तिनं विचारलं, "बाबा, कुणाला हाक मारताय?"

तिनं बाळाला उचललं आणि माझ्याशेजारी खाली बसली. मी म्हणालो, "रेवती, ते नाव नको ठेवूया."

"आईनं नको म्हटलं होतं?"

"म्हटलं होतं. नेहमीच म्हणायची. मीच ऐकत नव्हतो."

"मग आता तिच्यासाठी म्हणताय?"

मी म्हणालो, नाही. तिला कळलं असावं. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, तू ठेवायचीस तिथंच. मालिशवाली आतून ओरडत होती की बाळंतिणीनं वाऱ्यात बसू नये.

रविवारी आत्या बाळाच्या कानात मुक्ता सांगणार आहे. वर्गात चारजणी सहज निघतील. तुझ्या मनासारखं झालं, जिंकलीस तू. माझ्यामागं तुझं नाव घेणारं कुणी राहणार नाही, हे मला कळतं, आणि कळूनही मी नको म्हणालो. ते नाव दुसऱ्या कुणाला कसं देऊ? मला अजून रोज लागतं गं, अतसी.